वाटीतले तांदूळ

पोळ्याला आठ-दहा दिवस उरले की सक्करदऱ्याच्या तळ्याकडून एक वास येतो. शेवाळाचा, ओल्या गवताचा, आणि दोरीवर दोन दिवस लोंबकळूनही न वाळलेल्या कपड्यांचा. पाऊस थांबलेला नसतो, पण दमलेला असतो. दुपारी तासभर असं काही ऊन पडतं की अंगणातल्या चिखलातून वाफ निघताना दिसते, आणि मग पुन्हा आभाळ खाली येतं. माशा फार होतात. नळाला गढूळ पाणी येतं. नागपूरचा उन्हाळा साऱ्या मुलखाला ठाऊक आहे. हे दिवस मात्र इथे राहणाऱ्यांनाच ठाऊक असतात. त्यांचं कौतुक कोणी करत नाही. मला ते आवडतात. यंदाही आवडतात, हे लिहिताना थोडा संकोच होतो, कारण यंदा घरात मी एकटाच आहे.

मालती, माझी बायको, होळीच्या आधी गेली.

परवा दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाई घरी आल्या. मी तिथे केसपेपर लिहिण्याचं काम करत असे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. बाई तरुण आहेत, भराभर बोलतात, आणि बोलताना पेनचं टोपण लावतात-काढतात. म्हणाल्या, "काका, वरून कागद आला आहे. दवाखान्यानं लोकांच्या ओळखीपाळखीचा, शेजारपाजाराचा उपयोग कसा करून घ्यावा, यावर आम्ही टिपण पाठवायचं आहे. सगळे सांगतात, तुमच्या वेळी इथे असं काहीतरी होतं. वाट्यांचं काहीतरी. दोन पानं लिहून द्याल?"

मी हो म्हटलं. मग चहा केला. चहा मला येतो.

दोन पानं लिहायला बसलो तो आज तिसरा दिवस आहे. एक ओळ लिहितो आणि खिडकीतून बाहेर पाहतो. टिपण काही होत नाही. होतं आहे ते हे.

*

दहा-अकरा वर्षं झाली असतील. असेच पोळ्याच्या आधीचे दिवस होते आणि वस्तीत हगवणीची साथ होती. आमचा दवाखाना धर्मादाय, तीन खोल्यांचा, पुढे पत्र्याचा मांडव. डॉक्टर गोगटे पुण्याकडून आलेले. उंच, किडकिडीत, आणि कायम कशाची तरी खंत असलेले. आमचं 'मी येऊन राहिलो, तो जाऊन राहिला' ऐकून पहिले सहा महिने त्यांना हसू यायचं. त्या पावसाळ्यात ते हसणं थांबलं.

"लोक येतात तेव्हा मुलाचे डोळे आत गेलेले असतात," ते मला म्हणाले. "दोन दिवस आधी का येत नाहीत? माझ्याकडे औषध आहे हो. बातमी नाही."

बातमीचं काम मी अंगावर घेतलं. माझं अक्षर चांगलं होतं आणि वाचन बरं होतं. या दोन गोष्टींनी माणूस किती फसू शकतो, ते मला तेव्हा कळलेलं नव्हतं. चौकात एक फळा उभा केला आणि त्यावर वळणदार अक्षरात लिहिलं, 'अतिसाराची लक्षणे दिसताच रुग्णास विनाविलंब दवाखान्यात आणावे.' रोज सकाळी ते अक्षर पुन्हा गिरवायचो, कारण शेजारच्या बकऱ्या फळ्याला अंग घासायच्या. आठ दिवसांत फळा वाचून कोणी आलं नाही.

मालती पोळी लाटता लाटता म्हणाली, "तुमचा फळा वाचून इंदूबाई मले विचारून राहिली होती, विनाविलंब म्हणजे काय वं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, विलंब नावाची कोणी बाई हाय. पेशंटसोबत तिले आणू नका म्हणतेत."

ती स्वतः मॅट्रिक होती. तिला अर्थ चांगला ठाऊक होता. पण माझी फजिती करायची संधी तिने उभ्या आयुष्यात सोडली नाही, आणि आता घरात ती फजिती नाही हीच मोठी उणीव आहे. शब्द बरोबर आहे की नाही ते मी पाहायचो. तो पोचला की नाही, ते ती पाहायची.

*

वाटीचा रिवाज सगळ्यांना ठाऊक आहे. तरी टिपणासाठी लिहून ठेवतो. शेजारच्या घरून काही आलं, तर ती वाटी रिकामी परत करायची नाही. धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या आल्या तर गुलगुले जातात, गुलगुले आले तर लोणच्याची फोड जाते. वाटीवर मालकिणीचं नाव टिंबाटिंबांनी कोरलेलं असतं, त्यामुळे ती हरवत नाही, फक्त फिरत राहते. आणि घरात काहीच केलेलं नसलं, तर धुतलेल्या वाटीत तांदळाचे चार दाणे टाकून देतात. म्हणजे वाटी रिकामी गेली नाही.

त्या पावसाळ्यात एकदा मी जेवायला घरी आलो तेव्हा मालती दारात उभी होती, हातात वाटी. आत तांदळाचे दाणे.

"इंदूबाईकडून आली," ती म्हणाली. "श्रावणी शुक्रवारी तिच्या घरून नुसते तांदूळ? काहीतरी झालं तिथं."

"अगं, नसेल केलं काही."

"इंदूबाईनं?" एवढंच म्हणून तिने पायात चप्पल सरकवली.

इंदूबाई आमच्या समोरची. चूल विझू न देणाऱ्या बायका असतात, त्यांतली. तिची धाकटी मुलगी पहाटेपासून जुलाबांनी निपचित पडली होती, आणि इंदूबाई 'उतरेल दुपारपर्यंत' म्हणत तिच्या उशाशी बसून होती. दवाखाना चारशे पावलांवर. वाटी मात्र तिने आठवणीने धुऊन, चार दाणे टाकून, पाठवली होती. पोरीपायी जगाचा विसर पडला, तरी वाटीचा विसर पडला नव्हता.

मुलीला वेळेवर आणलं, ती दोन दिवसांत उठून बसली. संध्याकाळी मी डॉक्टरांना तांदळाचं सांगितलं. ते आधी हसले. मग हसायचे थांबून म्हणाले, "तुमच्या घरच्या वाट्या किती घरांत जातात?"

मी घरी येऊन विचारलं. मालतीने बोटं मोजली. "माझ्या सात-आठ घरी. त्याइच्या आणखी सात-आठ घरी. आता ते कुठवर जाते, मले काय माहीत?"

पुढचं सगळं तिनेच केलं. तिने बायकांना एवढंच सांगितलं की, वाटीत तांदूळ दिसले की दुपारच्या आत मला सांगा. आणि जाणाऱ्या प्रत्येक वाटीत साखर-मिठाची एक पुडी ठेवायला सुरुवात झाली. डॉक्टर आमच्या ओट्यावर येऊन बसले, बायकांना गोल बसवलं आणि ते पाणी करून दाखवलं. उकळून गार केलेलं तांब्याभर पाणी, मूठभर साखर, चिमूटभर मीठ. म्हणाले, "लेकराला देण्याआधी स्वतः चाखा. आसवांपेक्षा खारट लागता कामा नये."

"कोणाच्या आसवांपेक्षा?" मागून इंदूबाई म्हणाली. "माझ्या सासूचे तर साखरेच्या पाकाचे असतेत."

डॉक्टर गोगट्यांना आमच्या वस्तीत मोठ्याने हसताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

दोन आठवड्यांत दवाखान्याला डोळे मिळाले. दुपारी मालतीकडून चिठ्ठी यायची, 'कोपऱ्यावरचं घर', 'चक्कीवाले', 'शिलाईवाल्या बाईची सासू', आणि डॉक्टर पिशवी घेऊन निघायचे. लोक येण्याची वाट पाहायची गरज उरली नाही. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एक नकाशा काढला. घरांसाठी चौकोन, वाट्यांसाठी रेघा. रेघांचं जाळं फार देखणं दिसत होतं. तो दवाखान्याच्या भिंतीवर लावला, आणि येता-जाता मीच पाहत असे.

नकाशाच्या एका कडेला नाला होता. नाल्यापलीकडे कागद कोरा होता.

डॉक्टरांनी एकदा बोट ठेवून विचारलं, "इकडे काय?"

"तिकडे साथ नाही," मी म्हणालो. "तिकडून एकही चिठ्ठी नाही."

हे वाक्य मी शांतपणे, खात्रीने म्हणालो होतो. ते आठवलं की अजूनही पेन खाली ठेवावं लागतं.

*

नाल्यापलीकडे बौद्धांची वस्ती. छप्पन साली दीक्षाभूमीवर पांढरी वस्त्रं नेसून गेलेली घरं. एक लहानसं विहार, दर रविवारी वंदना, विहाराच्या ओट्यावर मुलांचा अभ्यास. आमच्या गल्लीपेक्षा तिथली मुलं शाळेत जास्त जात. पुरुष पुरुषांशी पानठेल्यावर बोलत, एकाच कंपनीच्या बसने हिंगण्याला कामावर जात. पण वाटी नाला ओलांडत नव्हती. तसं कोणी ठरवलं नव्हतं. कोणाला बजावावंही लागलं नव्हतं. गल्लीतल्या लहान मुलींनाही नेमकं ठाऊक असायचं, वाटी घेऊन कुठवर जायचं आणि कुठून वळायचं.

एका दुपारी शांताबाई गजभिये दवाखान्यात आल्या. पन्नाशीच्या, पांढरं नऊवारी, खांद्यावर दोन वर्षांचा नातू. त्याची मान लोळत होती. डॉक्टरांनी सलाईन लावलं. शीर सापडायला वेळ लागला. मग म्हणाले, "केव्हापासून?"

"याले कालपासून. आमच्या गल्लीत चार दिवस झाले. आणखी तीन लेकरं पडून हायेत."

"चार दिवस? मग कळवलं का नाही कोणी?"

शांताबाई भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत होत्या. मला म्हणाल्या, "हे काय काढलं गा भाऊ?"

मी सांगितलं. घरं, वाट्या, तांदूळ, चिठ्ठ्या. सांगता सांगता माझाच आवाज बारीक होत गेला. त्या शेवटपर्यंत ऐकून घेत होत्या, घाई न करता.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या वाट्या नाल्याच्या काठावर येऊन काहून थांबतेत? पाय भिजते काय त्याइचे?"

डॉक्टर माझ्याकडे वळून पाहत नव्हते. मी नकाशाकडे पाहत होतो. कोऱ्या कागदाचा अर्थ मी लावला होता की तिथे आजार नाही. खरं म्हणजे तिथे आमची वाटी नव्हती, एवढाच त्याचा अर्थ होता.

*

नातू संध्याकाळपर्यंत डोळे उघडून पाहू लागला. पण डॉक्टरांनी बजावलं, खरं काम आता आहे. दोन-तीन दिवस दर थोड्या वेळाने चमच्या-चमच्याने पाणी गेलं पाहिजे, ओकला तरी थांबून पुन्हा दिलं पाहिजे. आणि बाकीच्या तीन घरांतही. कोणीतरी रोज जायला हवं. मी हे मालतीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने धोप्याच्या वड्या तळल्या, स्वतःच्या नावाच्या वाटीत घातल्या, वर पुड्या ठेवल्या आणि निघाली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. तिने सांगितलं तसं सांगतो.

शांताबाईंनी तिला आत बोलावलं. वड्या ताटलीत काढून घेतल्या. पुड्या घेतल्या. वाटी घासली, धुतली, पदराने कोरडी केली, आणि मालतीच्या हातात दिली. रिकामी.

मालती म्हणायची, तिला क्षणभर वाटलं, वाटी हातातून पडेल. इतकी ती हलकी लागली.

"राग मानू नका बाई," शांताबाई म्हणाल्या. "भरून देता येत नाही असं नाही. चूल हाय, पीठ हाय. पण मी लहान असताना माझ्या मायनं एका घरी वाटी भरून देली होती. मी मागं मागं गेली पाह्यले. त्या बाईनं ती गाईपुढं उपडी केली. तवापासून मी ठरवलं, त्यापेक्षा रिकामी बरी."

मालतीने वाटी जमिनीवर ठेवली. ती स्वतःही बसली. नातवाला मांडीवर घेतलं आणि चमचा मागितला. एक चमचा, थांबायचं. एक चमचा, थांबायचं. एकदा तो तिच्या लुगड्यावर ओकला. तिने ते पुसलं आणि पुन्हा चमचा भरला. सकाळ अशीच गेली. शांताबाई सुरुवातीला दारात उभ्या होत्या. मग त्या बाकीच्या तीन घरी जाऊन तेच करायला सांगून आल्या, आणि परत आल्या तरी ही बाई तिथेच.

"जात नाही काय घरी?" त्यांनी विचारलं.

"मी सकाळपासून काही खाल्लं नाही," मालती म्हणाली. "अन् वाटी मी रिकामी नेत नसते."

मग शांताबाईंनी चूल पेटवली.

ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. दोघी एका ताटलीत जेवल्या. उरलेली चटणी वाटीत, वर तेलाची धार, आणि झाकण म्हणून अर्धी भाकर. नाला ओलांडून येताना नळावर आमच्या गल्लीतल्या बायका पाण्यासाठी उभ्या होत्या. मालतीने भाकर बाजूला सारली.

"शांताबाईच्या घरची हाय. चाखता काय?"

नळ वाहत होता, तेवढाच आवाज होता, असं ती म्हणायची.

मी दुपारी घरी आलो. तिने वाटी माझ्या पानाशी ठेवली. जातिभेदाच्या विरोधात लिहिलेली पुस्तकं मी त्या वेळेपर्यंत शेल्फभर वाचली होती. त्यातल्या काही ओळी मला पाठ होत्या. मी वाटीकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठून आली?"

"खा आधी," ती म्हणाली.

मी खाल्लं. चांगलं खाल्लं, दुसऱ्यांदा मागून घेतलं. पण तो प्रश्न माझ्या तोंडून आधी निघाला, हे खरं आहे, आणि मालतीने त्याबद्दल मला कधीही टोचलं नाही हेही खरं आहे. एवढी फजितीची संधी तिने कशी सोडली, मला कळत नाही. की ती संधी नव्हती, असं तिला वाटलं असेल?

*

त्यानंतर आमच्या घरी गल्लीतून वाट्या येणं बंद झालं. भांडण नाही, बोलणं नाही. वाट्या फक्त आमचं घर चुकवून पुढे जाऊ लागल्या. चिठ्ठ्या थांबल्या. दवाखान्याचे एका बाजूचे डोळे मिटले. नाल्यापलीकडून मात्र रोज बातमी यायची. शांताबाईंनी विहारात सगळ्या बायकांना ते पाणी शिकवलं होतं, आणि त्या आमच्यापेक्षा शिस्तीच्या. कोणत्या घरात कोण आजारी, कोणाला किती चमचे गेले, त्या घडाघडा सांगत. नातू तिसऱ्या दिवशी भात मागू लागला. बाकीची तीन लेकरंही उठली.

मी हवालदिल झालो होतो. "आपल्या गल्लीत काही झालं तर कळणार कसं?" असं मालतीला दिवसातून दोनदा विचारायचो.

"येतील," ती म्हणायची. "पोळा येऊन राहिला. पुरण कोणाले एकटीनं खाववत नाही."

पोळ्याच्या दिवशी दुपारी दार वाजलं. इंदूबाई. हातात वाटी, वाटीत पुरण, वर तूप. ती उंबऱ्यातच थांबली.

"माझी पोट्टी तुझ्यामुळं उठली," ती म्हणाली. "तरी मी आली नाही. मले हिंमत नव्हती वं मालती."

"आता आली नं. बस."

इंदूबाई बसली. पदराशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, "ते जवसाची चटणी, उरली काय?"

"बाप्पा! तवाच संपली. या बुवानं दोनदा मागून खाल्ली." मालती मला हसत होती. मग हसू आवरून तिने विचारलं, "सांगू काय शांताबाईले, तुझ्या वाटीत द्यायले?"

बाहेर मुलं तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैलांच्या चाकांना तेल घालत होती. मला वाटलं, इंदूबाई उठून जाईल.

"सांग," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मारबत, मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघाली. साऱ्या गावाने नेहमीसारखं ओरडून रोगराईला निरोप दिला. मी मात्र भिंतीवरचा नकाशा उतरवला, टेबलावर पसरला, आणि नाल्यावरून एक रेघ काढली. पूर्ण गल्ली बदलली असं मी म्हणणार नाही. काही घरांच्या वाट्या आजही काठावरून वळतात. पण तेव्हा एक रेघ होती, पुढच्या पोळ्याला चार झाल्या.

डॉक्टरीणबाई, तुमच्या टिपणासाठी माझ्याकडे एवढंच आहे. लोक एकमेकांशी आधीच बांधलेले असतात; दवाखान्याने त्यांच्या मागून जावं. पण ते कुठवर जातात आणि कुठून वळतात, तेही पाहावं. आणि कागद कोरा दिसला, तर तिकडे स्वतः जावं. जेवायच्या वेळेला जावं.

*

इथे थांबायला हवं होतं. पण गेल्या आठवड्यात एक गोष्ट झाली आणि खरं तर तिच्यामुळेच मी हे लिहू शकतो आहे.

मालती गेल्यावर तेरा दिवस घरात चूल पेटली नाही, दोन्हीकडून डबे आले. ते रिवाजाला धरून होतं. पण नंतरही वाट्या येत राहिल्या. आज इंदूबाईची, उद्या चक्कीवाल्यांकडची, परवा नाल्यापलीकडची. मला चहा येतो आणि खिचडी येते. खिचडी काही वाटीत घालून देण्यासारखी होत नाही. म्हणून मी वाटी धुवायचो, कोरडी करायचो, तांदळाचे चार दाणे टाकायचो आणि पोचवायचो. रोज. आपण मालतीचा नेम पाळतो आहोत, याचं मला समाधान वाटे.

दिवसाकाठी कोणी ना कोणी डोकावायचंही. इंदूबाईची मुलगी, तीच, आता कॉलेजात जाते, वर्तमानपत्र मागायला येई. चक्कीवाला दळण तयार आहे म्हणून सांगायला येई, मी दळण टाकलेलं नसताना. कोणी घड्याळ बरोबर आहे का विचारी. मला वाटायचं, योगायोग. लोकांना रिकामपण आहे.

गेल्या आठवड्यात शांताबाई आल्या. आता गुडघे धरत चालतात. ओट्यावर बसल्या, श्वास घेतला, आणि म्हणाल्या, "भाऊ, तब्येत बरी नाही काय?"

"बरी आहे की."

"मंग सहा महिने झाले, तुमच्या घरून तांदूळच येऊन राहिले."

ज्या माणसाने त्या तांदळाचा नकाशा काढून भिंतीवर लावला, त्याला सहा महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं की आपण रोज काय पाठवतो आहोत. आमची गल्ली आणि पलीकडची वस्ती, दोन्हींनी ते पहिल्याच दिवशी वाचलं होतं. आणि पाळी लावून, वर्तमानपत्राच्या, दळणाच्या, घड्याळाच्या निमित्ताने, एक घर सांभाळलं होतं.

माझे डोळे भरले असावेत. शांताबाईंनी दुसरीकडे पाहिलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "जवस हाय काय घरात?"

होते. मालतीच्या डब्यात, तिच्या अक्षरातल्या चिठ्ठीसह. शांताबाई पाटावर बसल्या आणि मला चुलीपुढे उभं केलं. जवस मंद आचेवर भाजायचे, तडतडले की उतरवायचे. लाल मिरची, लसूण. खलबत्त्यात कुटायचं, पीठ करायचं नाही.

"मीठ किती?" मी विचारलं.

"चाखून पाहा नं. सांगितलं होतं नं डॉक्टरनं."

त्या दिवशी त्यांच्या देखरेखीखाली बरी झाली. आज सकाळी मी एकट्याने केली. मग मालतीच्या नावाची वाटी काढली. टिंबं घासून घासून पुसट झाली आहेत, पण बोट फिरवलं की कळतात. वाटीत चटणी घातली, वर तेल, आणि छत्री घेऊन निघालो. नाल्यावर आता रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, बांधला आहे. पाय भिजत नाहीत. उन्हाची एक तिरीप पडली होती आणि विहाराच्या ओट्यावर मुलं पाढे म्हणत होती.

शांताबाईंनी बोटाने थोडी चटणी उचलून जिभेवर ठेवली.

"जळली थोडी," त्या म्हणाल्या. मग आणखी थोडी घेतली, आणि वाटी उचलून आत गेल्या.

मी वाटीसाठी थांबलो नाही. आज संध्याकाळी येईल, नाही तर उद्या.